टेबलावरचा फोन

कार्यालयाची वेबसाइट उघडली आणि माझ्या मोबाइलमधून एकदम सनई वाजली. मी इतकी दचकले, की मोबाइल हातातून पडला.

"काय गं पोरी, भ्यालीस? शान हाय ती आमची!" अण्णा म्हणाले.

बाळगोंडा अण्णा इचलकरंजीतल्या एका मंगल कार्यालयाचे मालक. तारीख विचारणारे फोन येईनात म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. स्वतंत्र वेबसाइट डिझायनर म्हणून माझं हे पहिलंच काम. साइटवर आधी सनई, मग अण्णांच्या सत्काराचे चाळीस फोटो आणि फोन नंबर पार तळाला. नंबर कुणाला सापडतच नाही, हे मी घाबरत घाबरत सांगितलं.

"गरजवंत शोधतोय की! तू नुसता रंग बदल. न्हाईतर दुसरा डिझायनर बघतो."

काम जाणारच होतं, तेव्हा म्हटलं बोलून टाकावं. "मग पैज लावा. तुम्ही तुमच्या साइटवरून फोन लावायचा, मी करून आणलेल्या नव्या साइटच्या नमुन्यावरून. टेबलावरचा हा फोन जो आधी वाजवेल, त्याचं खरं."

अण्णांनी मिशीला पीळ देत आपल्या मोबाइलवर साइट उघडली. सनई सुरू झाली. ते एकेक सत्कार वर सरकवत राहिले. फेटा, शाल, नारळ, पुन्हा फेटा.

"अण्णा, लग्नाच्या पाहुण्याला तुम्ही दारातच अत्तर लावता," मी म्हणाले, "मालकाचे फेटे मोजायला लावत नाही."

आणि माझ्या नमुन्यातलं सगळ्यात वरचं 'तारीख विचारा' हे बटण दाबलं.

टेबलावरचा फोन खणाणला.  अण्णांनी तो उचलला आणि गिऱ्हाइकासाठी राखलेल्या मऊ आवाजात म्हणाले,

"नमस्कार! बोला ताई, कुठली तारीख धरू?"