हरवलेल्या तालाची जोडी

या कथेची दोन रूपे सांगितली जातात. समुद्रकाठच्या रूपात बेडूक आणि रातकिडा आहेत, आणि त्यांची ताटातूट कायमची ठरते. डोंगराकडच्या रूपात दोघे माणसे आहेत, आणि शेवट निराळा आहे. येथे हे दुसरे रूप घेतले आहे.

फार जुन्या काळी एका राज्यात एक गायक आणि एक ढोलकीवाला जोडीने खेळ करीत. गायक गंभीर चेहऱ्याने गाई. ऐन रंगात ढोलकीवाला ताल हरवल्याचे सोंग करी, आणि तो शोधायला कुणाच्या पागोट्यात, कुणाच्या टोपलीत डोकावे. ताल सापडेपर्यंत गायक एकच स्वर धरून उभा राही. गावेच्या गावे हसून लोळत.

एकदा राजा पोट धरून हसला. म्हणाला, "दरबारात विदूषकाची एकच जागा आहे. ढोलकीवाल्या, ती तुझी!"

ढोलकीवाल्याला वाटले, हसवतो तर मीच. हा नुसता खांबासारखा उभा असतो.

"येतो गड्या," तो गायकाला म्हणाला.

"जा बाबा. पण ताल जपून हरव."

दरबारात साथीला राजगवई होते. ढोलकीवाल्याने प्रधानाच्या पागोट्यात ताल शोधला आणि वळून पाहिले. गवयांनी गाणे केव्हाच संपवले होते. ते तंबोऱ्यांना गवसणी घालत होते. हसले कुणीच नाही.

राजा गरजला, "पौर्णिमेपर्यंत हसव, नाहीतर ढोलकी ठेव आणि राज्याबाहेर चालता हो."

तेव्हा त्याला उमगले: आपण परतणार या भरवशावर कुणीतरी स्वर धरून थांबे, म्हणून लोक हसत.

तो धावत बाजारात गेला. गायक एकटाच गात होता, आणि सवयीने त्याच जागी स्वर धरून थांबला होता.

"बुवा, अडकलात का? पुढं सरका की!" लोक टोमणे मारत होते.

ढोलकीवाल्याने कासारणीच्या टोपलीत डोके घातले. "बाई, माझा ताल पाहिलात?"

"इतके दिवस कुठं उलथला होतास मेल्या?"

बाजार खदखदून हसला. गायकाचा श्वास संपता संपता ढोलकीवर थाप पडली.

"चुकलं गड्या," ढोलकीवाला म्हणाला, आणि राजाची मुदत सांगितली.

"आधी पौर्णिमेचं बघू. मग भांडू."

पौर्णिमेला दोघे दरबारात उभे राहिले. राजा इतका हसला की मुकुट घरंगळत पायरीखाली गेला.

"माग, काय हवे ते!"

"महाराज, माझ्या गायकासाठी आणखी एक बैठक," ढोलकीवाला म्हणाला.

बोध इतकाच: मिरवणाऱ्याचे यश त्याच्यासाठी थांबणाऱ्याच्या बळावर उभे असते.

त्या दिवशी दरबारात दोन बैठका मांडल्या गेल्या.