शेवट न छापलेला खेळ

"…म्हणून विचारतो माई, सख्ख्या बहिणीला धंद्यातून काढलं तर पाप लागतं का?"

मठाच्या मागच्या पडवीत माई चिंच फोडत होत्या. हात थांबला नाही.

"कुणाच्या बहिणीला?"

"माझ्या. विशाखाताईला."

"मग तसं म्हण की. सख्ख्या बहिणीला म्हणालास, मला वाटलं गावात कुणाचं तरी काही झालं."

पराग मिरजकरनं कपाळावरचा घाम पुसला. कोल्हापुराहून सकाळच्या गाडीनं आला होता, कुंभी नदीच्या काठानं चालत, उन्हात. त्याला वाटलं होतं, माई आधी पाणी विचारतील. माईंनी खुणेनं माठ दाखवला. घेणाऱ्यानं आपल्या हातानं घ्यावं, असा त्या मठाचा शिरस्ता.

पराग आणि त्याची बहीण मिळून पटावरचे खेळ काढत. 'सवंगडी' हे त्यांच्या प्रकाशनाचं नाव. पुठ्ठ्याचा रंगीत पट, लाकडी सोंगट्या, नियमांचं एक पान, सगळं खोक्यात घालून विकायचं. पट पराग रंगवायचा, नियम ताई लिहायची. नातेवाईक त्याला पोरखेळ म्हणत आणि वर फुकट खोकी मागत.

माईंच्या मठात एक रीत आहे. फाल्गुन संपत आला की शिष्यांनी एकेकट्यानं यायचं आणि सरलेलं वर्ष माईंसमोर सांगून मोकळं व्हायचं. तिथं त्याला वर्ष उतरवणं म्हणतात. उतरवल्याशिवाय पाडव्याची गुढी उभारायची नाही. सोपं वाटतं. एकदा बसून बघावं म्हणजे कळतं.

"उतरव," माई म्हणाल्या. "पाप-पुण्याचं मागनं बघू."

परागनं मांडी नीट घातली. तो तयारीनं आला होता.

"वैशाखात ठरलं, मोठा खेळ काढायचा. 'आडवळण'. आम्ही लहानपणी घरातच रचलेला खेळ, माई. तोच सुधारून घ्यायचा. पट मी रंगवला. पंधरवडाभर नुसता निळा रंग जमत नव्हता. सोंगट्या सावंतवाडीहून कातून आणल्या. श्रावणात ताई नियम लिहायला बसली, आणि तिनं…"

माईंनी चिंचेनं बरबटलेला हात वर केला.

"हे तिचं वर्ष. ते ती उतरवील. तू तुझं सांग."

परागनं मांडी बदलली. मग पुन्हा सुरू झाला.

"भाद्रपदात खेळ बाजारात गेला. लोकांना आवडला. नवरात्रात पहिला फोन आला. बाई विचारत होत्या, आम्ही परवापासून खेळतोय, हा खेळ संपतो कधी? मी नियमांचं पान काढून बघितलं. शेवटचा नियमच नाही! खेळ कधी संपला म्हणायचा, हेच छापलेलं नाही. सोंगटी घरी पोचते, एक डाव विसावा घेते आणि पुन्हा बाहेर निघते. पुन्हा घरी, पुन्हा बाहेर. ताईनं…"

"तिचं वर्ष."

"अहो माई, पण नियम तीच लिहिते!"

"लिहीना."

"मग माझं वर्ष उरतंच काय?"

"बघ की शोधून. कुठंतरी पडलं असेल."

पराग चिडला. चिडला म्हणजे त्याचे कान लाल होतात, माईंना ते त्याच्या शाळेच्या दिवसांपासून माहीत होतं. पण चिडला तरी उठला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं.

"ठीक आहे. माझं. मला लोक हसले. कुणी म्हणालं, खेळ काढलाय की कोर्टातला दावा? एका दुकानदारानं खोकी परत पाठवली, वर निरोप दिला, आधी शेवट पाठवा, मग माल पाठवा. दिवाळीनंतर मी चिठ्ठ्या छापून घेतल्या. ही बघा. 'ज्याच्या चारही सोंगट्या आधी घरी पोचतील, तो जिंकला. खेळ समाप्त.' दारोदार फिरून पानांवर चिकटवल्या. इतक्या वर्षांत असा अपमान झाला नव्हता."

"ताईला काय म्हणालास?"

"एकच वाक्य. तुला एवढं एक काम दिलं होतं, म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. ती सांगलीहून रोज बसनं यायची, ती यायची थांबली. दिवाळीत भाऊबीजेलाही आली नाही. मीही गेलो नाही."

"आणि आता?"

"पाडव्याला नवीन पाटी लावतोय दाराला. एकट्याच्या नावाची. रंगवून ठेवलीय." परागचा आवाज जरा खाली आला. "तेवढं तुम्ही हो म्हणालात की झालं."

माईंनी पुढची चिंच उचलली. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला, असं त्यांचं चाललं होतं…

पराग अवघडला. माणूस अवघडला की त्याला काहीतरी काम आठवतं.

"तुमच्याकडची प्रत कुठाय? दिवाळीत पाठवली होती ती. तिच्यावर पण चिठ्ठी लावून टाकतो."

"ओसरीवर आहे. पण मोकळी नाही ती."

"म्हणजे?"

"जाऊन बघ."

ओसरीवर, खांबाला टेकून, आबाजी चौगुले बसले होते. शेजारच्याच घरातले. जन्मभर गुऱ्हाळावर चुलवणासमोर बसून जाळ घातलेला माणूस, छातीत धूर साठून राहिलेला. आता श्वास घेताना खांदे वर जायचे आणि खाली यायचे. दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं ते सांगितलं होतं. त्यांच्यासमोर 'आडवळण'चा पट उघडा होता. निळा रंग उन्हानं थोडा विटला होता. फाशांवरचे ठिपके दिसेनात म्हणून त्यांनी चिंचोके मधोमध फोडून घेतले होते. पांढरी बाजू वर पडली की चाल मोजायची.

मागोमाग माई आल्या आणि पटाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

"आबा, हा पराग. हा खेळ ह्यानंच काढलाय."

आबाजींनी हात जोडले. परागला लाज वाटली, त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"लई झ्याक खेळ काढलाईस बाबा," आबाजी थांबत थांबत म्हणाले. "दिवाळीधरनं खेळतोय आमी. पट उचलल्याला न्हाई. रोज आपलं… हाय तिथनं फुडं."

"एकच डाव? दिवाळीपासून?"

"व्हय की. पोरगा म्हनतोय, दवाखान्यात जाऊन पडा, नळ्या लावू. म्या म्हनलं, डाव अर्धा टाकून कसा येऊ? माई काय म्हनतील? पळून गेला म्हनतील."

"म्हणणारच," माई म्हणाल्या.

आबाजी हसले. हसणं खोकल्यात गेलं.

पराग पट बघत होता. त्याची नजर तयार होती. कुणाच्या सोंगट्या कुठून कुठं गेल्या असतील हे त्याला एका दृष्टिक्षेपात समजायचं. आबाजींच्या चारही सोंगट्या केव्हाच घरी जाऊन आल्या होत्या. एकदा नव्हे, पुष्कळदा. चिठ्ठीतल्या नियमानं हा म्हातारा मार्गशीर्षातच कधीतरी जिंकला होता. खेळ तेव्हाच समाप्त.

"एक इचारायचं हुतं," आबाजी म्हणाले. "बरं झालं तू घावलास. ह्यो खेळ संपतो कवा? माई म्हनत्यात, कागदावर लिवल्यालंच न्हाई. तू करनारा, तुला ठावं आसंल."

परागचा हात खिशाकडे गेला. खिशात चिठ्ठी होती. डिंकाची बाटलीही होती.

त्यानं माईंकडे बघितलं. माई पटाकडे बघत होत्या, जशी काही पुढची चाल अवघड आहे…

आबाजी वाट बघत होते. खांदे वर, खांदे खाली.

परागचा हात खिशातच राहिला.

"हाक आली की," तो म्हणाला.

"आं?"

"आतून जेवायला हाक आली की खेळ संपला. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सोंगट्या आहेत तिथं ठेवायच्या, हात धुवायचे आणि जायचं."

आबाजींनी ते ऐकलं. तोंडातल्या तोंडात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की परागला त्यांच्याकडे बघवेना.

"आसं हाय व्हय! मंग बराबर खेळतोय म्हनायचं आमी."

"बरोबर खेळताय," पराग कसाबसा म्हणाला.

"आन् हाक आली न्हाई तवर?"

"तोवर चाल तुमची."

आबाजींनी चिंचोके उचलले, ओंजळीत खुळखुळवले आणि टाकले. दोन पांढरे पडले. सोंगटी सरकवायला त्यांना वेळ लागला. माईंनी मदत केली नाही, परागलाही करू दिली नाही. सोंगटी जागेवर बसली तेव्हा आबाजींनी मान वर केली. कुस्ती जिंकलेला पैलवान बघतो तसे ते दोघांकडे बघत होते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून सुनेचा आवाज आला. "मामा! चला, भाकरी गरम हाय तवर!"

आबाजींनी परागकडे बघून डोळे मिचकावले.

"आली बघ. न्येम म्हंजी न्येम."

खांबाला धरून ते उठले. परागनं त्यांना कुंपणापर्यंत नेलं. हात हलका होता, वाळलेल्या चिपाडासारखा. फाटकातून सुनेनं त्यांचा दुसरा हात धरला. जाताना त्यांनी मागं वळून सांगितलं, "उद्याच्याला माईंची पाळी हाय. ध्यान ठेव, त्या इसरत्यात."

पराग परत आला तेव्हा माई ओसरीवरच होत्या. पटावर फडकं घालत होत्या, सोंगट्या न हलवता.

"चिठ्ठीत हेच छापलंयस?"

"नाही."

"मग हे कुठनं आलं?"

पराग खांबाजवळ बसला. आबाजी टेकले होते त्याच खांबाजवळ, पण टेकला नाही.

"हे ताईचं. तिनं आधी असंच लिहून दिलं होतं. शेवटचा नियम, आतून जेवायला हाक आली की खेळ संपला. आम्ही लहानपणी तसंच खेळायचो, माई. सुट्टीत, स्वयंपाकघराच्या बाहेर, खडूनं फरशीवर पट आखून. आई आतून हाक मारायची, तेव्हा संपायचा खेळ. दुसरा शेवट आम्हाला माहीतच नव्हता."

"मग?"

"मी खोडला. म्हटलं, हा काय नियम झाला? लोक पैसे देऊन विकत घेणार, त्यांना कोण हाक मारणार आहे? एक जिंकला पाहिजे, एक हरला पाहिजे. नीट शेवट लिहून दे. ती हो म्हणाली. खोडलेलं पान घेऊन गेली."

"कधी?"

"श्रावणात."

"आई कधी गेली तुमची?"

परागनं पटावरच्या फडक्याची कड सारखी केली.

माईंनी पुन्हा विचारलं नाही. कुंभीकडून वारा आला आणि पटावरचं फडकं हललं, तेवढं त्यांनी कडेला एक चिंच ठेवून दाबलं.

"…श्रावणात," पराग म्हणाला. "त्याच आठवड्यात. तेराव्याला मी तिला विचारलं, पान झालं का. ती म्हणाली, झालं. मी वाचलंच नाही, माई. न वाचता छापायला दिलं. दर वेळी छापायच्या आधी आम्ही दोघं बसून अख्खा डाव खेळतो. ह्या वेळी मी म्हटलं, वेळ नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिच्यानं दुसरा शेवट लिहवला नसेल. आणि जो लिहिला होता, तो मी…"

तो रडला. चाळिशी ओलांडलेला माणूस, आवाज न करता, डोकं गुडघ्यात घालून रडला. आई गेल्यावर सगळं करायला तो पुढं होता, त्यामुळे रडायचं राहून गेलं होतं. माईंनी त्याला थांबवलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात चिंचेचा होता, सदऱ्यावर डाग पडला तो पडला.

"आता उतरलं," माई म्हणाल्या.

पराग कितीतरी वेळानं उठला. माठातलं पाणी घेतलं, तोंड धुतलं. खिशातली चिठ्ठी काढून बघितली, पुन्हा खिशात ठेवली. मग फोन काढला. ताईचं नाव पडद्यावर आणलं आणि तसाच उभा राहिला.

"माई… इतके महिने झाले. पाटीचं सांगू? चिठ्ठीचं सांगू? आधी माफी मागू का? सुरुवात तरी कुठून करू?"

माई पुन्हा चिंचेपाशी जाऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"जेवलीस का, विचार."