कोपऱ्यातला उंट

फार मागे, राजेरजवाड्यांच्या काळात, एका गावाला बुद्धिबळाचं भारी वेड होतं. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पट मांडले जात. सगळ्यांत चांगला खेळे तो एक म्हातारा कासार. दरवर्षी जत्रेत मुख्य डाव होई आणि जिंकणाऱ्याला मानाचं पागोटं मिळे. वर्षानुवर्षं ते कासाराच्याच डोक्यावर होतं.

त्याचा एक शिष्य होता, विणकर. मोहरी कशी हलवावी इथपासून सगळं त्याला कासाराने शिकवलं होतं. पण गुरूला हरवणं काही जमत नव्हतं, आणि ते त्याला आतल्या आत खुपत होतं.

एकदा घरी परतताना कासार अडखळला. विणकराने हात दिला. तेव्हा म्हाताऱ्याने हलक्या आवाजात सांगितलं, की उजव्या डोळ्याने आता दिसत नाही. गावाला कळलं तर लोक कीव करतील, म्हणून कुणापाशी बोलू नकोस. विणकराने शपथ घेतली.

त्याने कुणाला सांगितलं नाही, हे खरं.

जत्रेत पांढरी मोहरी विणकराकडे आली. सगळे मधली प्यादी पुढे काढतात. त्याने त्यांना हातच लावला नाही. आपल्या डावीकडचं, म्हणजे कासाराच्या उजव्या हाताचं, कडेजवळचं प्यादं एक घर सरकवलं आणि त्याच्या मागे कोपऱ्याशी उंट बसवला. लोकांना चाल बावळट वाटली. मग दुसऱ्या बाजूला त्याने अशी धुमश्चक्री माजवली, की कासाराची मान तिकडेच वळून राहिली.

शेवटी विणकराने वजीर थेट काळ्या राजाला भिडवला. म्हातारा हसला. वजीर मारायला त्याने राजा उचलला.

"काका, वजिराला कोपऱ्यातल्या उंटाचा जोर आहे, मारता येणार नाही," विणकर म्हणाला.

कासाराने मान फिरवून कोपऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग राजा आडवा ठेवला.

"डोळ्याचं मी फक्त तुलाच सांगितलं होतं," तो म्हणाला.

ओट्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

पागोटं विणकराला मिळालं. कासार पुन्हा ओट्यावर आला नाही, आणि त्या हिवाळ्यात तो गेला. विणकर खांदा द्यायला पुढे झाला, तेव्हा कासाराच्या मुलाने त्याला बाजूला केलं.

त्यानंतर विणकर रोज पट मांडून बसे. लोक येत, रामराम करत आणि दुसऱ्या पटाशी जात. घरात कुणी आजारी पडलं, तरी शेजारी ते त्याला कळू देत नसत.

लहानथोरांनो, विश्वासाने सांगितलेल्या दुखण्याचं कधी हत्यार करू नये.