मुंगीचा दाणा आणि तानूची आमटी

मुंगी होती एवढीशी. तिची बहीण पिटुकली, त्याहून एवढुशी. पिटुकली बिळात बसून रडत होती. "ताई, भूक! ताई, भूक!"

मुंगीला सापडला तांदळाचा एक दाणा. निघाली घाईघाईनं, तुरुतुरु, तुरुतुरु.

अंगणात तानूची भातुकली मांडली होती. पातेलं, चाळण, सूप. तानूनं पातेल्यात पाणी घातलं होतं. माती, वाळू, खडे घालून ढवळलं होतं. झाली आमटी!

"तानू, जेवायला ये गं!" आईनं हाक मारली.

"आले गं!" तानू म्हणाली. "जेवून येते, मग आमटी ओतून भांडी घासते."

मुंगीनं जवळची वाट धरली. पातेल्याच्या काठावरून! पाय घसरला. मुंगी वाचली, पण दाणा पडला आमटीत. डुबुक!

अगं बाई! आता तानू येणार. आमटी ओतणार. दाणा जाणार!

मुंगी धावली सुपाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सूपदादा सूपदादा, घोळ ना!
सुपानं घोळलं की दाणा मिळेल.
दाणा मिळाला की पिटुकली जेवेल."

सूप म्हणालं, "खडे मी बाजूला करीन. पण वाळू केवढी! चाळणीनं चाळल्याशिवाय मी नाही घोळणार."

धावली चाळणीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाळणबाई चाळणबाई, चाळ ना!
चाळणीनं चाळलं की सूप घोळेल.
सुपानं घोळलं की दाणा मिळेल.
दाणा मिळाला की पिटुकली जेवेल."

चाळण म्हणाली, "ई, ओलं! माझी भोकं बुजतील. उन्हानं वाळवल्याशिवाय मी नाही चाळणार."

धावली उन्हाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ऊनदादा ऊनदादा, वाळव ना!
उन्हानं वाळवलं की चाळण चाळेल.
चाळणीनं चाळलं की सूप घोळेल.
सुपानं घोळलं की दाणा मिळेल.
दाणा मिळाला की पिटुकली जेवेल."

ऊन म्हणालं, "एवढं पाणी? चार दिवस लागतील! पातेल्यानं ओतल्याशिवाय मी नाही वाळवणार."

चार दिवस! पिटुकलीचं कसं होणार? मुंगीला रडू आलं. रडत रडत धावली.

"पातेलेमामा पातेलेमामा, पाणी ओत ना!
पातेल्यानं ओतलं की ऊन वाळवेल.
उन्हानं वाळवलं की चाळण चाळेल.
चाळणीनं चाळलं की सूप घोळेल.
सुपानं घोळलं की दाणा मिळेल.
दाणा मिळाला की पिटुकली जेवेल."

पातेलं म्हणालं, "वेडाबाई! पाणी गढूळ आहे. आत्ता ओतलं तर दाणाही जाईल. पाणी निवळल्याशिवाय मी नाही ओतणार."

"पाणीताई पाणीताई, निवळ ना!
पाणी निवळलं की पातेलं ओतेल.
पातेल्यानं ओतलं की ऊन वाळवेल.
उन्हानं वाळवलं की चाळण चाळेल.
चाळणीनं चाळलं की सूप घोळेल.
सुपानं घोळलं की दाणा मिळेल.
दाणा मिळाला की पिटुकली जेवेल."

पाणी म्हणालं, "कसं निवळू? हे बघ कोण उड्या मारतंय!"

पाण्यात होतं नखाएवढं बेडकाचं पिल्लू. टुणुक डुबुक, टुणुक डुबुक.

मुंगी ओरडली, "अरे, थांब ना!
बेडूक थांबला की पाणी निवळेल.
पाणी निवळलं की पातेलं ओतेल.
पातेल्यानं ओतलं की ऊन वाळवेल.
उन्हानं वाळवलं की चाळण चाळेल.
चाळणीनं चाळलं की सूप घोळेल.
सुपानं घोळलं की दाणा मिळेल.
दाणा मिळाला की पिटुकली जेवेल!"

पिल्लू रडवेलं झालं. "मी खेळत नाही गं. मला बाहेरच येता येत नाही. मला भीती वाटते!"

अरेरे! मुंगीनं काडी ओढत आणली. खर्रर, खर्रर. पातेल्यात सोडली. पिल्लू काडीवर चढलं. टुणुक! आलं बाहेर.

"आता कुणी हलू नका," पाणी म्हणालं.

मुंगी हलली नाही. पिल्लू हललं नाही. तुम्हीही हलू नका हं. मुंगीची छाती धडधड, धडधड. घरातून ताटाचा आवाज आला. खण्ण! तानूचं जेवण झालं वाटतं!

पण मुंगी हलली नाही.

माती बसली खाली. वाळू बसली खाली. पाणी निवळलं!

पातेलं कललं. झुळझुळ, झुळझुळ. वरचं पाणी गेलं, दाणा राहिला.
ऊन तापलं. चटचट, चटचट. चिखल वाळला.
चाळण हलली. खुळुक, खुळुक. वाळू पडली खाली.
सूप घोळलं. फटक, फटक. खडे मागे, दाणा पुढे!

मुंगीनं दाणा उचलला आणि पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

तानू आली. "आई गं! माझी आमटी कुणी खाल्ली?"

बिळात पिटुकलीनं दाणा धरला. कुरुम, कुरुम. रडणं थांबलं. मग तिनं दाणा पुढे केला.

"ताई, आता तू खा."

तेव्हा कुठे मुंगीला आठवलं, आपणही सकाळपासून उपाशी आहोत. दोघी जवळ बसल्या आणि पोटभर जेवल्या.