यमुनेच्या बाळाचा उजवा हात

बालाघाटाच्या उतारावर कोथळवाडी नावाचे गाव आहे. म्हाळोजी महाराज तिथे अकरा वर्षे राहिले. आज तिथे फरसबंदी मठ आहे, मोठा सभामंडप आहे. तेव्हा एक कुडाची झोपडी आणि पुढे शेणाने सारवलेले अंगण, एवढाच मठ होता. दुपारी बायाबापड्या डाळ निवडायलाही तिथेच येऊन बसत आणि महाराज त्यांच्याशी लेकराबाळांच्या, गुरावासरांच्या गोष्टी बोलत. ज्यांनी ते दिवस पाहिले, ते त्या अंगणाची आठवण निघाली की हळवे होत. ही हकीकत त्यांच्याच तोंडची.

गावात गोजराबाई नावाची सुईण होती. महाराजांवर तिची फार श्रद्धा. कुठल्याही बाळंतपणाला जाताना ती आधी अंगणात डोके टेकवून जाई. त्या भाद्रपदात नागोराव माळ्याची बायको यमुना अडली. बाळ अंगाने मोठे; डोके बाहेर आले आणि खांदा अडकला. गोजराबाईने जिवाचे रान करून दोघांनाही वाचवले. पण बाळाचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता. डावा हात हवेत नाचे, उजवा कुशीला पडून राही.

गावचे वैद्य अंबादासपंत विद्वान होते, आणि ते स्वतः हे कधी विसरत नसत. हा हात मेला, आता कायमचा गेला, असे त्यांनी चारचौघांत सांगितले. सुईणीने ओढून तोडला, असेही म्हणाले. त्या दिवसापासून गोजराबाईला कोणी बोलावेना.

ती रडत महाराजांकडे आली. मागोमाग यमुनाही बाळाला घेऊन आली. महाराजांनी आपले बोट बाळाच्या उजव्या तळहातावर ठेवले. बाळाने ते धरले.

"मूठ जिवंत आहे," महाराज म्हणाले. "खांद्यापाशी शीर ताणली गेली आहे. ती मुंगीच्या पावलाने परत येईल. तोवर सांधे आखडू देऊ नका."

मग त्यांनी रीत समजावली. त्या हाताला धरून बाळाला कधी उचलायचे नाही. थोडे दिवस हाताला विसावा द्यायचा, आणि नंतर रोज, बाळाला पाजायच्या वेळी, तेल लावून खांदा आणि कोपर ओढ न देता हळूहळू हलवायचे. हे काम गोजराबाईनेच करायचे, असेही सांगितले. महाराजांचा शब्द म्हणून नागोरावाने तिला घरात घेतले. मोडणारीच आता जोडणार, म्हणून पंत मात्र हसले.

महिना गेला, दुसरा गेला. हात तसाच. गोजराबाईचा धीर सुटला. आपल्या हाताला यश नाही, दुसरी कोणी बघा, असे म्हणत ती महाराजांपुढे येऊन बसली. तेव्हा महाराजांनी अंगावरची घोंगडी बाजूला केली आणि आपला डावा हात वर नेला. तो कानापर्यंतही पोचला नाही. इतक्या वर्षांत तिने हे पाहिले नव्हते.

"मीही असाच जन्मलो, गोजरे. आईने दोन वर्षे कंटाळा केला नाही, म्हणून एवढा तरी उठतो. पुष्कळ लेकरांचा हात पुरता येतो, काहींचा माझ्यासारखा राहतो. ते देवाच्या हाती. तू त्याची वाट मोकळी ठेव."

गोजराबाई उठली आणि थेट यमुनेच्या घरी गेली.

चंपाषष्ठीला अंगणात सारा गाव जेवायला जमला होता. पंतही आले. सर्वांना दाखवावे म्हणून त्यांनी बाळाचे उजवे मनगट धरून किंचित उचलले.

"तीन महिने झाले," ते म्हणाले. "काय आले ते बघा."

बाळ हात ओढून घेत होते. जोर अगदी क्षीण होता, पण कोपर वाकत होते. पंतांनी मनगट सोडले. हात थरथरत वर गेला आणि बाळाने मूठ तोंडात घातली.

यमुना पदर तोंडाला लावून रडू लागली. पंत वैद्य होते. आपल्या बोटांना काय जाणवले, ते त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. पागोटे काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, जिवंत हाताला मी मेला म्हणालो."

"पंत, दोष तुम्ही कोणाला दिला होता?" महाराज शांतपणे म्हणाले.

पंत उठले. गोजराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. सगळ्या गावादेखत तो विद्वान माणूस तिच्यापुढे वाकला. ती ओशाळून मागे सरली. पिठाचे हात कुठे ठेवावेत, तिला कळेना.

"वैद्यबुवा," ती कशीबशी म्हणाली, "बाळाला अजून लई दिवस तेल लावायचंय. तुमच्याकडचं द्याल का?"

पंतांनी होकाराची मान हलवली आणि पुन्हा हात जोडले.