भिजलेले दाणे

माणसं तळ्यात मासे पाळायला शिकली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडलेली ही गोष्ट. एका तळ्यात एक म्हातारा कटला मासा होता. सगळे त्याला आबा म्हणत. आबांचा नियम कडक होता. मालकाने टाकलेले खाद्याचे दाणे वरून पडले की झडप घालायची नाही. ते पाण्यात भिजून मऊ होऊ द्यायचे, मग शिस्तीत खायचे.

पिल्लं पोटभर खात, तरी त्यांच्या पाठी वाकू लागल्या. जखमा भरेनात. आबांना काही कळेना. पाणी बदललं म्हणावं, तर पाणी तेच. दृष्ट लागली म्हणावी, तर कोणाची? आणि नियम मोडून कोरडे दाणे पळवणारी बिजली नावाची रोहू मात्र सरळसोट!

"हा कुठला न्याय?" आबांनी काठावरच्या खेकड्याला विचारलं.

"आबा, मालक बांधावर बोलत होता ते मी ऐकलंय. दाण्यांत क जीवनसत्त्व असतं. माशाच्या अंगात ते तयार होत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. मग ते यकृतात साठतं, हाडं घडवतं. तुम्ही दाणे भिजवता तेव्हा ते पाण्यात निघून जातं. पिल्लं खातात तो नुसता चोथा."

"पण मीही तेच खातो! माझी पाठ कुठे वाकली?"

"तुमची पाठ लहानपणीच घडली. तेव्हा तुम्ही दाणे भिजेपर्यंत थांबत होतात का?"

आबांना लहानपणी दाण्यांवर घातलेल्या झडपा आठवल्या. तेवढ्यात संध्याकाळचे दाणे पडले. सगळी पिल्लं सवयीने आबांच्या तोंडाकडे बघत थांबली, आणि दाणे भिजू लागले.