टपावरचा पंखा

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात रंगनाथ नावाचा एक गिरणीवाला राहत असे. पिठाच्या बाबतीत तो अत्यंत काटेकोर होता. गव्हावर गहूच दळला जाई, ज्वारीवर ज्वारीच. एकादशीच्या आदल्या दिवशी तर तो गिरणी उघडून, झाडून, पुसून लख्ख करी आणि त्यानंतर केवळ वरी-राजगिऱ्यासारखे उपवासाचे दळण घेई. "मूठभर मिसळलं तर काय बिघडतं?" असे कोणी म्हटलेच, तर तो डबा उचलून परत देई.

"मिसळलेल्या पिठाला नाव नसतं, वहिनी. दुसरी गिरणी बघा."

गावात दुसरी गिरणी नव्हती.

या काटेकोर माणसाला एक छंद होता. चालणारी कोणतीही वस्तू दिसली, की ती अधिक चांगली कशी चालेल, असा प्रश्न त्याला पडे. शिलाई यंत्र असो, पाण्याचा पंप असो, रंगनाथ त्याच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय पुढे जात नसे.

गावातील आरोग्य केंद्रात इंदुमती नावाची परिचारिका होती. तिने विजेवर चालणारी एक लहानशी गाडी घेतली, तेव्हा रंगनाथाच्या आनंदाला पारावार उरला नाही. गाडी धूर सोडत नव्हती, आवाज करीत नव्हती. पण तिच्यात एक उणीव होती. डोंगरमाथ्यावरच्या वाडीपर्यंत ती पोहोचत नसे. बॅटरी निम्मी उरली की परत फिरायचे, असा इंदुमतीचा नियम होता. कारण खाली कोणाला केव्हा गरज पडेल, हे सांगता येत नसे. अर्ध्या वाटेवर उंबराचे झाड होते. तेथे पोहोचेपर्यंत बॅटरी निम्मी होई. मग वाडीतील आया तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन उन्हातून उंबरापर्यंत खाली उतरत. ज्यांना उतरवत नसे, त्यांची मुले लसीवाचून राहत.

"सिस्टर, तुमची गाडी मी वाडीपर्यंत नेऊन दाखवतो," रंगनाथ एके दिवशी म्हणाला.

"न्या की, रंगनाथभाऊ. फक्त गाडीचं पोट उघडायचं नाही. बाहेरून काय तो शृंगार करा."

रंगनाथाने खरोखरच शृंगार केला. गाडीच्या टपावर त्याने पत्र्याचा एक मोठा पंखा बसवला. गाडी धावेल, वारा लागेल, पंखा फिरेल, त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करील आणि ती वीज चार्जिंगच्या तारेने बॅटरीत जाईल, असा त्याचा विचार होता. पंख्यामागे त्याने उन्हावर चालणारी एक सौरपट्टी लावली. वारा कापता यावा, म्हणून चाकांवर गुळगुळीत पत्र्याच्या झाकण्या चढवल्या. झाकण्या बसवताना चाके मऊ लागली, तेव्हा त्यांत हवाही भरली. हे सारे त्याने गिरणीच्या सुटीच्या एकाच दिवशी उरकले. सर्वांत जीव मात्र त्याचा पंख्यावर होता. पंख्याची पाती त्याने स्वतःच्या हातांनी घासली होती आणि त्यांना पिवळा रंग दिला होता.

येणारी-जाणारी मंडळी गाडी पाहून हसली. "रंगनाथा, गाडी उडणार आहे का रे?" एकाने विचारले. "उडाली तर तुझं दळण आधी वाडीवर पोचवीन," रंगनाथाने उत्तर दिले.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. पंखा गरगर फिरू लागला. उंबराचे झाड आले, मागे पडले, आणि त्यापुढचे वळण ओलांडल्यावर बॅटरी निम्मी झाली. गाडी प्रथमच उंबराच्या पुढे गेली होती.

गावात वार्ता पसरली. सरपंच आनंदरावांनी रंगनाथाचा सत्कार जाहीर केला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. "पुढच्या महिन्यात लसीकरण थेट वाडीवर," असेही त्यांनी सांगून टाकले. "आणखी एक पंखा चढवला, की झालं!"

इंदुमती मात्र विचारात पडली. "गाडी कशामुळे पुढे गेली, रंगनाथभाऊ?"

"पंख्यामुळे. आणखी कशामुळे?"

"हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटतं? लसीची पेटी बर्फात असते. गाडी मध्येच अडकली, तर बर्फ वितळेल आणि लस फुकट जाईल. आया मुलं घेऊन उन्हात वाट बघत बसतील. वाटण्यावर मी पेटी नेणार नाही."

रंगनाथाला राग आला. त्याने दुसरा पंखा करायला घेतला.

तो पुरा होण्यापूर्वी एकादशी आली. आदल्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे गिरणी पुसून काढली. वाडीवरची हौसाबाई राजगिरा घेऊन डोंगर उतरून आली होती.

"नीट पुसलीस ना रे? मागच्या खेपेला तालुक्याच्या गिरणीत दळलं, तर पिठाची चव काही निराळीच लागली. कशाची होती, देव जाणे."

"कशी कळणार, मावशी? चार धान्यं एकत्र दळल्यावर चव कोणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून तर मी एका वेळी एकच..."

रंगनाथ बोलता बोलता थांबला. त्याची दृष्टी कोपऱ्यातल्या अर्धवट पंख्यावर गेली. पंखा, सौरपट्टी, झाकण्या! जी चूक त्याने गिरणीत जन्मभर कोणालाही करू दिली नव्हती, ती त्याने गाडीवर स्वतः केली होती.

"काय झालं रे? वीज गेली का?" हौसाबाईने विचारले.

"नाही, मावशी. आली," रंगनाथ म्हणाला आणि त्याने राजगिरा दळायला घेतला.

त्याच संध्याकाळी तो सरपंचांकडे गेला. "सत्कार थांबवा. गाडी कशाने पुढे गेली, ते मला ठाऊक नाही."

"अहो, शाल आणून ठेवलीय!"

"राहू द्या कपाटात. शाल नासत नाही, लस नासते."

त्यानंतर खरा शोध सुरू झाला. रस्ता तोच, वेग तोच, गाडीतले ओझेही तेच; बदलायची ती एकच गोष्ट. प्रथम त्याने पंखा तसाच ठेवून झाकण्या काढल्या. काहीही फरक पडला नाही. मग सौरपट्टी काढली. पट्टीचे वजन उतरले म्हणून की काय, गाडी अगदी थोडी पुढे गेली, इतकेच. शेवटी, नाइलाजाने, त्याने पंखा उतरवला.

गाडी दुसरे वळण ओलांडून, खिंड पार करून, वाडीच्या पाणवठ्याशी जाऊन पोहोचली!

रंगनाथाचा विश्वास बसेना. "पुन्हा एकदा," तो म्हणाला. पंखा चढवला, गाडी मागे राहिली. पंखा उतरवला, गाडी पाणवठ्याला पोहोचली. ज्याला तो दाता समजत होता, तो चोर निघाला होता.

घरी परतल्यावर त्याने गिरणी सुरू केली आणि कान देऊन ऐकू लागला. गिरणी रिकामी असताना मोटरीचा आवाज हलका होता. धान्य सोडताच तो जड झाला. काम वाढले, की मोटर अधिक वीज ओढते, हे तो रोज ऐकत होता. टपावरचा वारा डोंगराने दिलेला नव्हता. तो गाडीने आपली शक्ती खर्चून स्वतःच उठवलेला होता. पंखा जेवढे परत देत होता, त्याहून अधिक घेत होता.

तरीही एक कोडे उरलेच. आता गाडीवर एकही शोध नव्हता. ती पूर्वीसारखीच साधी होती. मग पूर्वी उंबराशी थकणारी गाडी आता पाणवठ्यापर्यंत कशी जात होती?

रंगनाथ गाडीभोवती फेऱ्या मारू लागला. तिसऱ्या फेरीला त्याने चाकावर हात ठेवला आणि तो एकदम हसू लागला.

"सिस्टर, हवा!"

"कसली हवा?"

"झाकण्या बसवताना मी चाकांत हवा भरली होती. तिला मी मोजलंच नाही. हवा भरणं हा काय शोध आहे, असं वाटलं."

इंदुमती ओशाळली. गाडी घेतल्यापासून तिने चाकांकडे पाहिलेच नव्हते. मात्र रंगनाथ आता वाटण्यावर विसंबणारा राहिला नव्हता. त्याने चाकांतील हवा पूर्वीइतकी कमी करून पाहिली. गाडी उंबराशीच थकली. पुन्हा योग्य तेवढी भरली. गाडी पाणवठ्याला पोहोचली.

ग्रामसभेत त्याने हे सारे उभे राहून सांगितले. सरपंचांनी डोके खाजवले. "म्हणजे आता सत्कार कशाचा करायचा? हवेचा?"

सभा खो खो हसली. रंगनाथही हसला. "करा की. तीच तेवढी उपयोगी पडली."

"शोध गेला म्हणून वाईट वाटतं का, रंगनाथभाऊ?" इंदुमतीने हळूच विचारले.

"वाटतं. पंखा फार देखणा होता."

लसीकरणाच्या दिवशी गाडी पाणवठ्याशी थांबली. पेटीतला बर्फ तसाच कडक होता. वाडीतील एकाही आईला डोंगर उतरावा लागला नाही. हौसाबाईने आपल्या पणतीला मांडीवर धरले आणि सुई टोचताच त्या पोरीने वाडी दणाणून सोडली. तो आवाज रंगनाथाला कोणत्याही सत्काराहून गोड वाटला.

तेवढ्यात खिंडीतून वाऱ्याचा झोत आला आणि त्याची टोपी उडवून घेऊन गेला. रंगनाथ टोपीमागे धावला नाही. तो वाऱ्याकडेच बघत उभा राहिला. हा वारा कोणत्याही गाडीने उठवलेला नव्हता.

आज त्या वाडीत, लस टोचण्यासाठी पुढे बांधलेल्या खोलीशेजारी, एका उंच खांबावर पिवळ्या पात्यांचा एक पंखा फिरत असतो. त्याच्या विजेवर खोलीतला दिवा लागतो. पंखा तोच आहे. जागा तेवढी बदलली आहे. खांबावर दुसरा पंखाही बसवावा, असे सरपंचांचे मत आहे. रंगनाथ म्हणतो, "आधी एकाचं काय होतं, ते बघू."

तात्पर्य: शोध घेणाऱ्याने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी आणि आलेले उत्तर आपल्या लाडक्या कल्पनेच्या विरुद्ध असले, तरी ते मोकळ्या मनाने स्वीकारावे.